गेल्या दोन आठवड्यांत

तिलक नगरातल्या त्या घरात मी खोली बघायला गेले, तेव्हा भाडं, पाणी, वीज यातलं काहीही बोलण्याआधी काकांनी मला विचारलं, "तुला राग येतो तेव्हा तो शरीरात कुठे येतो?"

मी नाशिकची, सव्वीस वर्षांची. मानसशास्त्रात एम. ए. करून जयपूरच्या एका खाजगी कॉलेजात समुपदेशक म्हणून नुकतीच लागले होते. असले प्रश्न विचारणं हाच माझा पेशा होता. पण ते मी विचारायचे असतात, मला कुणी विचारायचे नसतात. मी गडबडले आणि म्हणाले, "मानेत."

काकांनी समाधानानं मान डोलावली आणि आत हाक मारली, "अगं, देऊन टाक हिला खोली. खरं बोलते."

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "पाणी सहाला येतं, सातला जातं," त्या म्हणाल्या. "मानेचं मागाहून बघू."

काका मूळचे अमरावतीचे. हवामान खात्यात नोकरी केली, बदलीवर जयपूरला आले आणि निवृत्त होऊन इथंच राहिले. वय अडुसष्ट. उंच, हडकुळे, आणि एप्रिलच्या उन्हातही कानाला मफलर. घराबाहेर पाऊल टाकलं की आधी वर बघायचे आणि ढग दिसला तर त्याचं नाव घ्यायचे. शेजारी कुणी नसलं तरी मोठ्यानं घ्यायचे. "नाव कळलं की अर्धी भीती जाते," असं त्यांचं म्हणणं. "नाही तर नुसतं अंधारून येऊन राहते."

मला ते पहिल्या दिवसापासून 'डॉक्टर' म्हणायचे. मी सांगायची, काका, मी डॉक्टर नाही, मी औषध देत नाही. ते म्हणायचे, "बरं, डॉक्टर."

मानसशास्त्राचा नाद त्यांना म्हातारपणी लागला होता, आणि तो कसा लागला ते मला काकूंनी सांगितलं. त्यांची मुलगी हैदराबादला नोकरी करते. एकदा तिनं फोनवर सांगितलं की तिला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, ऑफिसला जावंसं वाटत नाही, ती थेरपी घेते. काका म्हणाले, "कसली थेरपी? पगार तर चांगला आहे." मुलगी म्हणाली, "मतलब बाबा, तुम्ही कधी विचारलंच नाही ना, मी कशी आहे," आणि फोन ठेवला.

काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी दूधवाल्याला विचारलं, "भैया, आज मन कैसा है?"

दूधवाल्यानं किटली खाली ठेवली आणि थोडा विचार केला. "मन तो ठीक है साहब. भैंस बीमार है."

तेव्हापासून कुणाची सुटका नव्हती. भाजीवाला, वीजमीटर बघायला येणारा माणूस, समोरच्या घरातल्या रिटायर्ड मास्तरीणबाई, सगळ्यांच्या मनाची चौकशी व्हायची. स्वयंपाकघरात फ्रिजवर त्यांनी भावनांचं एक रंगीत चक्र छापून लावलं होतं. जेवायला बसण्याआधी प्रत्येकानं आपली भावना कुठली त्यावर बोट ठेवायचं. काकू रोज एकाच ठिकाणी बोट ठेवायच्या. 'शांत'. बोट न बघताच ठेवायच्या, कारण हात पिठाचे असायचे आणि तेवढ्याच जागेवर पिठाचा डाग पडला होता.

मराठी मंडळाच्या गणपतीत नव्या लोकांची ओळख करून द्यायचा कार्यक्रम असतो. काका जुनेच, तरी उठून उभे राहिले आणि माइकवर म्हणाले, "नमस्कार. मी अमरावतीचा. मला बहुतेक अ‍ॅन्क्झायटी आहे. आणखी कुणाला असेल तर आरतीनंतर भेटा." मंडळात सगळे बँकेतले, रेल्वेतले, विम्यातले लोक. कुणाला हसावं कळेना, कुणाला रडावं कळेना. आरतीनंतर मात्र दोघं जण त्यांना खरोखर भेटले. त्यातले एक माझ्या ओळखीचे झाले होते. एरवी चार शब्द बोलत नसत, आणि त्या दिवशी मांडवाच्या मागे तासभर बोलत उभे होते.

"बेचाळीस वर्षं मी ह्यांना चक्रम म्हणत होते," काकू मला म्हणाल्या. "आता त्याला इंग्रजी नाव मिळालं, एवढंच."

दर रविवारी काका एक नवी चाचणी छापून आणत आणि स्वतःच सोडवत. मग माझ्या जिन्यात उभे राहून निकाल सांगत. एका रविवारी त्यांचं लक्ष विचलित होण्याचा विकार निघाला, पुढच्या रविवारी समाजात मिसळण्याची भीती. मी म्हटलं, "काका, असं कागदावर ठरवता येत नाही."

"मग तुम्ही कसं ठरवता?"

"आम्ही बोलतो, बघतो, प्रश्न विचारतो."

"कागदावरचे?"

खरं सांगायचं तर त्या वर्षी माझाच गोंधळ उडाला होता. कॉलेजात एक मुलगी यायची. घरचे तिला तीन वर्षं नाटकी म्हणत होते. डॉक्टरांनी तिच्या कागदावर आजाराचं नाव लिहिलं तेव्हा ती माझ्यासमोर बसून ढसाढसा रडली, आनंदानं. त्याच महिन्यात दुसरी एक आली. तिला असंच एक नाव मिळालं होतं आणि त्यानंतर तिनं नाचाचा वर्ग सोडला, मैत्रिणी सोडल्या, परीक्षा सोडली. प्रत्येक वेळी ती त्या नावाकडे बोट दाखवायची. एकीला नाव मिळाल्यावर दार उघडलं होतं, दुसरीनं तेच नाव कडीसारखं आतून लावून घेतलं होतं. आमच्या विभागप्रमुख बाई म्हणायच्या, लेबल लावू नका. मुली म्हणायच्या, नाव सांगा. मी दोन्हीकडे मान डोलवायची आणि घरी येऊन काकूंच्या हातचं पिठलं खायची.

एका रविवारी मला कॉलेजच्या कामासाठी कोरे कागद हवे होते. काका अंघोळीला गेले होते. आतूनच ओरडले, "कपाटात हिरवी फाइल आहे, तिच्यात मागं असतील."

फाइलमध्ये मागे कोरे कागद नव्हते. नैराश्याच्या चाचणीच्या प्रती होत्या, अकरा. आम्हीही कॉलेजात तसलीच वापरायचो. 'गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला खालील त्रास किती वेळा झाला?' असं वर छापलेलं असतं आणि खाली प्रश्न असतात. ह्या प्रत्येक प्रतीवर 'गेल्या' हा शब्द खोडून वर बॉलपेननं 'शेवटच्या' असं लिहिलं होतं, आणि नावाच्या जागी 'मधुकर'.

झोप कशी आहे, याच्यापुढे लिहिलं होतं, 'माहीत नाही.' भूक: 'माहीत नाही.' कामात रस न वाटणं, ह्याला मात्र 'रोज' अशी खूण. स्वतःबद्दल वाईट वाटणं, याच्यापुढे एका प्रतीत लिहिलं होतं, 'असणार. मी बोललो होतो.' दुसऱ्या प्रतीत तोच रकाना कोरा होता. खाली प्रत्येक वेळी बेरीज केली होती. एका प्रतीत मधुकर गंभीर आजारी होता, दुसरीत ठणठणीत.

काका डोकं पुसत बाहेर आले आणि माझ्या हातातले कागद बघून जागच्या जागी थांबले.

"मधुकर कोण, काका?"

"माझा धाकटा भाऊ. मधू." ते खुर्चीवर बसले. टॉवेल तसाच डोक्यावर राहिला.

वडील गेल्यावर काकांनी मधूला जयपूरला आणलं होतं. तेव्हा काका-काकू जयपूरच्याच सोडाला भागात दोन खोल्यांत राहायचे, मुलगी तान्ही होती. मधू बी. ए. नापास. काकांनी ओळखीपाळखीनं त्याला तीन नोकऱ्या लावून दिल्या, तिन्ही त्यानं सोडल्या. दुपारपर्यंत झोपायचा, नाहीतर जवळच्या बगरू गावी निघून जायचा आणि चार-चार दिवस यायचा नाही. बगरूला कापडावर ठसे मारून छपाई करतात. तिथल्या एका छिप्याच्या, म्हणजे छपाई करणाऱ्याच्या, घरी तो पडून असायचा.

"एक दिवस मी ड्यूटीवरून आलो," काका म्हणाले, "तर हा खाटेवर पडून छताकडे बघून राहिला. मी म्हटलं, मधू, ऊठ. तो म्हणे, 'दादा, उठवतच नाही मले.' मी म्हटलं, नोकरी लागल्याशिवाय ह्या दाराची कडी वाजवू नको. तो उठला, चपला घातल्या आणि गेला. भांडला असता बापा, तर बरं झालं असतं."

"मग?"

"चार महिन्यांनी बगरूहून एक माणूस आला. मधूला कावीळ झाली होती. दहा-बारा दिवस ताप. गेला. क्रियाकर्म करायलाच मी पोचलो." काकांनी टॉवेल काढून मांडीवर त्याची घडी घातली. "सोडाल्यातून बगरूची बस मिळते. तासाभराचा रस्ता. त्यानं निरोप धाडला नाही."

मी त्या प्रती पुन्हा फाइलमध्ये ठेवल्या.

"इतकी वर्षं मला 'आळशी' हा शब्द पुरला, डॉक्टर. मग पोरगी फोनवर म्हणाली, बाबा, अंथरुणातून उठवत नाही. तेच वाक्य. तू सांग, तो आजारी होता का?"

"काका, गेलेल्या माणसाबद्दल असं सांगता येत नाही."

"आजारी होता असं निघालं, तर मी आजारी पोराला घराबाहेर काढलं. नव्हता असं निघालं, तर तो माझ्यावर रागावून मेला. मी काय निघावं म्हणून देवाला सांगू?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "शेवटी त्यांच्याजवळ जे होते, त्यांनाच माहीत असेल." दुसऱ्याच क्षणी मला वाटलं, हे बोलायला नको होतं. काका उठून डायरी शोधायला लागले होते.

पुढच्या रविवारी आम्ही बगरूला गेलो. काकू आल्या नाहीत. "माझं काय काम तिथे?" म्हणाल्या आणि डबा बांधून दिला. बस सोडाल्यातून निघाली तेव्हा काका खिडकीकडे पाठ करून बसले होते.

निरोप घेऊन आला होता तो माणूस अजून होता. गोपाळजी. ऐंशीच्या घरातला, बोटांची नखं निळीनं कायमची रंगलेली. काकांनी नाव सांगताच त्यानं त्यांचे दोन्ही हात धरले. "मधु बाबू के बड़े भाई साहब? आओ, आओ." त्याची बायको ओसरीत बसून वाळलेल्या कापडांच्या घड्या घालत होती. ती काकांकडे बघत राहिली.

अंगणापलीकडे मोकळ्या जमिनीवर लांबच लांब कापडं वाळत पडली होती. गोपाळजीनं ती दाखवली. चिखल, चुना आणि डिंक एकत्र कालवून त्याचे ठसे कापडावर मारतात, म्हणजे तेवढ्या जागेला रंग लागत नाही. ओला चिखल एकमेकाला चिकटू नये म्हणून त्यावर लगेच लाकडाचा भुसा भुरभुरवतात. ते काम मधूचं होतं.

"उनके जैसा बुरादा कोई नहीं डालता था," गोपाळजी म्हणाला. "मौजी आदमी थे, भाई साहब. ऐसा मस्त आदमी मैंने नहीं देखा."

"मस्त कहाँ थे?" बायको पहिल्यांदाच बोलली. "दोपहर को कपड़ों के बीच बैठकर रोते थे."

"अरे, चूना था. सबकी आँख में जाता है."

"सबकी आँख में जाता है, सब रोते नहीं."

काकांनी डायरी उघडली होती. "नींद कैसी थी उसकी?"

"खूब. जहाँ बैठे, वहीं सो गए."

"रात को नहीं सोते थे," बायको म्हणाली. "छत पर चलते रहते थे. मैं नीचे सुनती थी."

काकांचं पेन कागदावर टेकून थांबलं. मग त्यांनी ज्या प्रश्नासाठी इतकी वाट तुडवली होती तो विचारला. ताप आला तेव्हा मधूनं घरी का कळवलं नाही?

"हमने तो पूछा था," गोपाळजी म्हणाला. "भाई साहब को ख़बर कर दें? बोले, अभी नहीं. दो दिन में ठीक हो जाऊँगा."

"ऐसा नहीं बोले," बायको म्हणाली. "बोले, अभी क्या मुँह लेकर."

"तूने ग़लत सुना."

"पानी मैं पिला रही थी कि तू?"

ती दोघं म्हातारी माणसं भांडायला लागली. कालच घडलं असावं अशी. गोपाळजी सांगत होता की मधू हसत गेला, आणि ती सांगत होती की भिंतीकडे तोंड करून गेला. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. काकांनी डायरी मिटून खिशात ठेवली आणि उठून त्या वाळत घातलेल्या कापडांच्या मधून चालत पार टोकापर्यंत जाऊन आले.

परतीच्या बसमध्ये ते एकच वाक्य बोलले. "दोन माणसांच्या नोंदी जुळल्या नाहीत, तर आम्ही खात्यात दोन्ही ठेवायचो."

संध्याकाळी जेवताना काकांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू वाढत होत्या. काका म्हणाले, "चार महिने तो तासाभरावर होता. एकदा तरी आला असता. मी बोललो असेन रागात, पण घर तर त्याचंच होतं ना."

"आला होता तो," काकू म्हणाल्या.

काकांचा हात ताटातच राहिला.

"तुम्ही ड्यूटीवर असताना. दुपारचा. जेवला आणि गेला. म्हणाला, वहिनी, दादाला सांगू नको."

"कितीदा?"

"तीनदा."

"आणि तू मला सांगितलं नाही?"

"सांगणार होते. तोच बगरूचा माणूस आला. मग कसं सांगणार?" त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "आणि तुम्ही मधूचं नावच काढलं नाही कधी. मी तरी कुठून सुरुवात करू?"

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "जेवला का नीट?"

"चार भाकरी खाल्ल्या. हसला-बोलला. पोरीला खेळवलं. आता खुशीत होता का दुःखात, ते मला विचारू नका. पोरीला खोकला होता, माझं सगळं लक्ष तिच्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघायच्या तयारीत होते, तेव्हा काकू जिना चढून वर आल्या. दीड वर्षात त्या माझ्या खोलीत कधी आल्या नव्हत्या, गुडघे दुखायचे. माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि धाप कमी होईपर्यंत थांबल्या.

"एक काल सांगितलं नाही मी," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा आला ना, तेव्हा त्याचे डोळे पिवळे होते."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मला वाटलं, तिकडे रंगाचंच काम, हळदीबिळदीचा रंग लागला असेल. असं मी स्वतःला सांगितलं. पण डोळ्यांना रंग लागत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. यांना सांगावं तर तो येतो हे कळलं असतं, आणि घरात पुन्हा भांडण. मी त्याला डबा बांधून दिला आणि म्हटलं, तब्येतीला जप."

"काकू, कावीळ त्या काळी..."

"नको," त्या म्हणाल्या. "ते सगळं मी स्वतःला सांगून पाहिलंय." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तेव्हापासून मला झोप नाही. दोनला जाग येते ती येतेच. उठते, डाळ-तांदूळ निवडत बसते. याला काय म्हणतात तुमच्यात?"

माझ्याकडे दोन-तीन नावं होती. त्यातलं एकेक मी मनात लावून पाहिलं. प्रत्येक थोडं थोडं बसत होतं. आणि मला शरम वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. त्या घरात दूधवाल्याच्या मनाची रोज चौकशी होत होती, मी रोज पंधरा मुलींना झोप कशी लागते म्हणून विचारत होते, आणि दोन्ही वेळचं जेवण ज्यांच्या हातचं खात होते त्यांना मी एकदाही विचारलं नव्हतं. पिठाचं बोट 'शांत'वर पडलेलं बघून मी पोळी वाढून घ्यायची.

"मला माहीत नाही, काकू," मी म्हणाले.

"मग तू शिकलीस काय?" त्या म्हणाल्या. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. मग त्यांनी माझ्या उशीचा अभ्रा सारखा केला आणि थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. मी त्या दिवशी कॉलेजला गेले नाही.

माझ्या ओळखीच्या एका मनोविकारतज्ज्ञ बाई होत्या. बुधवारची वेळ मिळाली. काकाही आले, बाहेरच्या बाकावर मफलर आवळून बसून राहिले. दवाखान्यात येऊनही त्यांनी कुणाच्या मनाची चौकशी केली नाही, असं पहिल्यांदाच घडलं. आत काकूंनी फक्त झोपेचं सांगितलं. पिवळ्या डोळ्यांचं त्या बोलल्या नाहीत, आणि ते मी बोलणं बरोबर नव्हतं. डॉक्टर बाईंनी एक छोटी गोळी लिहून दिली आणि तीन आठवड्यांनी बोलावलं.

परत येताना आमची ई-रिक्षा मोती डुंगरीच्या गणपतीपाशी अडकली. तिकडे गणपतीचा वार बुधवार, त्यामुळे माणसांचा समुद्र. लाडू, फुलं, हॉर्न. रिक्षा जागची हलेना. त्या गलक्यात काकू समोर बघत काकांना म्हणाल्या, "तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचे डोळे पिवळे होते. मी बघितले होते."

काकांना ऐकू गेलं की नाही, मला कळेना. मग त्यांनी विचारलं, "मग?"

"मग काही नाही. मी डबा दिला."

काका रिक्षातून खाली उतरले. गर्दीत शिरले आणि दिसेनासे झाले. मी उतरायला गेले, तर काकूंनी माझा हात धरला. "जाऊ दे त्यांना," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर काकू पायरीवरच बसल्या. आत येईनात, पाणी पिईनात. मला भीती वाटायला लागली होती. काकांना एका क्षणात दुसरा गुन्हेगार मिळाला होता. आणि हे सगळं माझ्या एका वाक्यानं सुरू झालं होतं. इतकी वर्षं जे झाकलेलं होतं ते मी उघडायला लावलं. बरं केलं की वाईट? मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही.

दोन-अडीच तासांनी काका चालत आले. उन्हानं चेहरा काळवंडला होता. पायरीवर काकूंच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "सगळं सांग. पहिल्यांदा आला तिथून."

"कशाला आता?"

"मी नव्हतो ना तिथं. मला काहीच माहीत नाही."

खिशातली डायरी त्यांनी काढली नाही. दोघं आत गेले आणि बाहेरच्या खोलीत बसले. मी वर गेले. संध्याकाळपर्यंत खालून आवाज येत राहिले, कधी काकांचा, कधी काकूंचा. मध्येच एकदा दोघं हसले, किंवा रडले असतील. वरून नीट कळत नव्हतं.

त्यानंतर सगळं छान झालं, असं मी म्हणणार नाही. काका आठवडाभर काकूंशी जेमतेम बोलत होते. एकदा ताट ढकलून उठलेही. मग एका सकाळी मी खाली आले तर ते गॅसपाशी उभे राहून काकूंना विचारत होते, "झोप लागली का?" आणि काकू 'हो' म्हणाल्या तर त्यांना ते पटत नव्हतं, किती वाजता जाग आली, पुन्हा लागली का, अशी उलटतपासणी चालू होती. मुलीला त्यांनी फोन केला. काय बोलले ते मला माहीत नाही, पण दिवाळीला ती आठ दिवस आली. बगरूलाही ते अधूनमधून जातात. गोपाळजी आणि त्याची बायको अजून भांडतात, आणि काका दोघांचं ऐकून परत येतात. मधू आजारी होता का, हे त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. उत्तर मिळालं म्हणून, की मिळणार नाही हे कळलं म्हणून, की माझ्याकडे नाही हे कळलं म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

पुढच्या वर्षी मी नाशिकला परतले. समुपदेशनाचंच काम करते. मुलं अजून नाव मागतात. कधी मी देते, कधी देत नाही, आणि दोन्ही वेळा घरी जाताना वाटतं की उलट करायला हवं होतं.

परवा जयपूरला फोन केला. काकांनीच उचलला. "डॉक्टर," म्हणाले, "ही झोपते आता. पहाटेपर्यंत. मी तुला आधीच सांगितलं होतं, मनातलं बोललं की झोप लागते. गोळीबिळी निमित्त."

मागून काकूंचा आवाज आला, "काही नाही, गोळीनं लागते. बोलणं काय, बोलून तर दोन दिवस आणखी जागी होते मी."

"काका, दोन्हींनी असेल," मी म्हटलं.

"असं कसं? एक काहीतरी असलं पाहिजे."

मग फोन काकूंच्या हातात गेला. मी विचारलं, "काकू, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? गोळी, की बोलणं?"

"ते तुम्ही दोघं मिळून ठरवा," काकू म्हणाल्या. "ठरलं की कळवू नका. मी झोपलेली असेन."